संग्रह आपल्या ताब्यात

ज्या घरांत एके काळी तबकड्या आणि कॅसेटी कपाटात रचून ठेवलेल्या असत, त्यांपैकी पुष्कळ घरांतील संगीत आता संगणकाच्या हार्ड डिस्कवर येऊन राहिले आहे. आजोबांनी जपलेली नाट्यपदे, रेडिओवरून उतरवून घेतलेल्या मैफिली, थोरल्या मुलीच्या लग्नाचे चित्रण आणि अलीकडे मोबाइलवर टिपलेले नातवंडांचे खेळ, असा दोन-तीन पिढ्यांचा ऐवज तिथे एकत्र नांदतो आहे. हा ऐवज ऐकविणारी आणि दाखविणारी जी आज्ञावली, व्यवहारात जिला आपण सर्वजण प्लेअर म्हणतो, ती कोणती असावी हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो, कारण नव्या संगणकात एखादा प्लेअर आयताच मिळतो आणि फाइलीवर दोनदा क्लिक केले की काहीतरी वाजू लागते. परंतु आपला संग्रह किती वर्षे टिकेल, तो दुसऱ्या संगणकावर निर्वेधपणे नेता येईल किंवा नाही, आणि त्यावरील अंतिम अधिकार आपल्याकडे राहील की एखाद्या कंपनीकडे जाईल, या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी या निवडीवर अवलंबून असतात. म्हणून तिचा विचार स्वस्थपणे करणे अगत्याचे आहे.

प्रथम फाइलीचे स्वरूप समजून घ्यावे. एव्हीआय, एमपी-फोर, एमकेव्ही ही जी नावे फाइलीच्या शेवटी दिसतात ती केवळ लखोट्याची नावे होत. आतील पत्र कोणत्या भाषेत लिहिले आहे, हे लखोट्यावरून कळतेच असे नाही. ही आतली भाषा म्हणजे कोडेक. सीडीवरील ध्वनी दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन साठविलेला असतो आणि त्याच्या एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. एवढा भार हलका करण्यासाठी, कानाला सहसा न जाणवणारा अंश गाळून टाकण्याची जी रीत जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी अन्य सहकाऱ्यांसह सिद्ध केली, ती एमपी-थ्री या नावाने जगभर रूढ झाली. २००१ साली आलेल्या फ्लॅक या पद्धतीत मात्र काहीही गाळले जात नाही. जागा साधारणपणे निम्म्यावर येते आणि मूळ ध्वनी जसाच्या तसा परत मिळतो. चित्रासाठी २००३ चे एच-२६४, २०१३ चे एचईव्हीसी आणि २०१८ चे एव्ही-वन अशा एकाहून एक काटकसरी पद्धती निघाल्या. ज्या प्लेअरला यांपैकी जास्तीत जास्त भाषा उपजत येतात, तो आपल्या कामाचा.

ही गोष्ट आज सरळ वाटत असली, तरी पंचवीस वर्षांपूर्वीची स्थिती निराळी होती. मायक्रोसॉफ्ट, ॲपल आणि रिअलनेटवर्क्स या कंपन्यांचे प्लेअर वेगवेगळे, त्यांच्या आवडत्या पद्धती वेगवेगळ्या, आणि एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडेल याची शाश्वती नाही, अशा अवस्थेत सामान्य माणसाला संगणकावर तीन-तीन प्लेअर बाळगावे लागत आणि शिवाय कोडेकांचे गठ्ठे कोठूनतरी उतरवून घ्यावे लागत. त्या गठ्ठ्यांबरोबर नको ते पाहुणेही घरात शिरत. संगणकासोबत प्लेअर आयता देण्याच्या प्रथेमुळे इतर प्लेअरांवर अन्याय होतो, हा आक्षेप युरोपीय आयोगाने ग्राह्य धरला, आणि २००४ साली अन्य एका आक्षेपासह मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९ कोटी ७० लाख युरो दंड ठोठावून, प्लेअर वगळलेली विंडोजची आवृत्ती उपलब्ध करून देण्याचा हुकूमही केला. जो प्लेअर आयता मिळतो तोच वापरला जातो, ही मनुष्यस्वभावाची गोष्ट त्या निर्णयात अधिकृतपणे नोंदली गेली, असे म्हणता येईल.

या गोंधळातून वाट काढण्याचे मोठे श्रेय पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांना द्यावे लागते. १९९६ साली, विद्यालयाच्या आवारातील जाळ्यावरून उपग्रहावरचे दूरदर्शन कार्यक्रम प्रत्येकाच्या संगणकापर्यंत पोचवावेत, या हेतूने त्यांनी एक प्रकल्प हाती घेतला. त्यातूनच पुढे व्हीएलसी हा प्लेअर निर्माण झाला, आणि २००१ मध्ये विद्यालयाच्या संमतीने तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला करण्यात आला. या परवान्याचा अर्थ असा की आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तीत फेरफार करता येतो, आणि फेरफार केलेली प्रत वाटताना तीच मुभा पुढच्याला द्यावी लागते. एफएफएमपेग या दुसऱ्या मुक्त प्रकल्पातील उलगडा करणारी यंत्रणा व्हीएलसीने आपल्या पोटातच बाळगली असल्यामुळे त्याला बाहेरून कोडेक आणावे लागत नाहीत. विंडोज, मॅक, लिनक्स आणि मोबाइल या सर्वांवर तो चालतो, त्यात जाहिराती नाहीत आणि वापरणाऱ्याकडे तो नावगावही विचारीत नाही.

भारतीय वाचकांना या प्लेअरची आणखी एक हकिकत ठाऊक असावी. २०२२ साली त्याचे अधिकृत संकेतस्थळ आपल्या देशात उघडेनासे झाले, आणि मनाईच्या कारणांचा जाहीर खुलासा लोकांपुढे आला नाही. व्हीएलसीच्या चालकांनी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेच्या साहाय्याने सरकारी खात्यांस कायदेशीर नोटीस दिल्यानंतर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ही मनाई उठली. दरम्यानच्या काळात मूळ ठिकाण बंद असल्याने लोक भलत्या ठिकाणांहून प्रती उतरवून घेऊ लागण्याचा जो धोका उभा राहिला, तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण लोकप्रिय प्लेअरच्या नावाखाली दूषित आज्ञावली पसरविणे हा जुना व्यवसाय आहे. प्लेअर नेहमी त्याच्या मूळ संकेतस्थळावरून अथवा संगणकाच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावा, आणि एखादी फाइल उघडताना अमुक कोडेक उतरवून घ्या असा अनाहूत आदेश पडद्यावर आला, तर तो निःशंकपणे धुडकावून लावावा.

आता संगीताकडे वळू, कारण चित्रपट एकदा पाहून बाजूला ठेवता येतो, पण गाणे आपण शंभरदा ऐकतो आणि त्याच्या मांडणीतील लहानसा दोषही शंभरदा खुपतो. शास्त्रीय गायनाच्या सीडीवर आलाप, विलंबित आणि द्रुत हे भाग सोयीसाठी निरनिराळ्या ट्रॅकांत तोडलेले असले, तरी गायन अखंड असते. एमपी-थ्री पद्धतीत ध्वनी ठरावीक लांबीच्या तुकड्यांत बांधला जात असल्यामुळे प्रत्येक फाइलीच्या आरंभी व शेवटी अल्पशी शांतता भरीला घातली जाते. ती ओळखून वगळण्याची तजवीज प्लेअरमध्ये नसेल, तर विलंबितातून द्रुतात जाताना ऐन समेच्या उंबरठ्यावर ध्वनी क्षणभर तुटतो. तसेच, बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरविलेली पदे आणि त्यांच्या शेजारी ठेवलेले कालपरवाचे ध्वनिमुद्रण यांच्या आवाजात केवढे तरी अंतर असते, आणि ऐकणाऱ्याला दर पदाला उठून आवाज कमीजास्त करावा लागतो. २००१ साली सुचविण्यात आलेल्या रिप्लेगेन या पद्धतीने प्रत्येक फाइलीचा आवाज मोजून त्याची नोंद फाइलीतच ठेवता येते आणि मूळ ध्वनीला धक्का न लावता वाजवितेवेळी समतोल साधता येतो. अखंड वादन आणि हा समतोल या दोन सोयी असलेला प्लेअरच आपल्या संगीताच्या उपयोगी पडेल.

याहून महत्त्वाची बाब नोंदींची आहे. प्रत्येक फाइलीत गाण्याचे नाव, गायक, अल्बम, वर्ष असा तपशील लिहिण्यासाठी जागा असते. १९९६ साली ती प्रथम ठरविली गेली तेव्हा नावासाठी केवळ तीस रोमन अक्षरांची मर्यादा होती आणि देवनागरीचा विचारच नव्हता. नंतरच्या आवृत्त्यांत युनिकोड आले, तेव्हा मराठी नावे शुद्ध स्वरूपात लिहिणे शक्य झाले. ज्यांनी पूर्वीच्या काळात जुन्या फॉन्टांत नावे टंकलिखित केली, त्यांना ती आज रोमन अक्षरांच्या अर्थहीन रांगा होऊन दिसतात, आणि त्यावर युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे किंवा पुन्हा टंकणे एवढाच उपाय आहे. शिवाय गायक, गाणे आणि अल्बम हा तिहेरी साचा पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातून आलेला आहे. ‘संगीत मानापमान’मधील एखाद्या पदाच्या नोंदीत नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, संगीतकार गोविंदराव टेंबे, रंगभूमीवर येण्याचे वर्ष १९११, गायक, राग आणि ताल एवढे सगळे आले पाहिजे, ख्यालाच्या नोंदीत राग हाच मुख्य, बाकीचे गौण. असे आपले स्वतंत्र रकाने निर्माण करण्याची मुभा फ्लॅक फाइलींत पूर्ण आहे, आणि त्या रकान्यांवरून संग्रह लावण्याची सोय फूबार-२००० या विंडोजवरील प्लेअरमध्ये उत्तम आहे. विनॅम्प या प्लेअरसाठी पूर्वी काम केलेल्या पीटर पावलोव्स्की यांनी २००२ साली तो प्रसिद्ध केला. त्याचे रूप साधे, किंबहुना रुक्ष आहे. त्याची मूळ संहिता खुली नाही. परंतु भैरवीतील सर्व रचना एका बाजूस काढून दे, असे म्हटले की तो क्षणात काढून देतो, आणि नोंदी फाइलींतच राहत असल्यामुळे उद्या त्याला सोडचिठ्ठी दिली तरी केलेले श्रम आपल्याजवळच राहतात.

चित्रांच्या बाबतीत कसोटी लागते ती घरगुती चित्रणाची. व्हिडिओ कॅसेटवरून सीडी-डीव्हीडीवर उतरविलेल्या लग्नमुंजी अनेक घरांत आहेत. व्हीसीडीतील डॅट आणि डीव्हीडीतील व्हीओबी या फाइली व्हीएलसी सहज उघडतो. त्या जुन्या चित्रणात हालचालीच्या वेळी कंगव्याच्या दातांसारख्या ज्या आडव्या रेषा दिसतात, त्या चित्रणातील दोष नसून, दूरदर्शनच्या काळी चित्र विषम आणि सम ओळींच्या दोन हप्त्यांत पाठविले जात असे त्याची खूण आहेत, आणि डीइंटरलेस ही सोय चालू केली की त्या नाहीशा होतात. परदेशी असलेल्या नातलगांकडून डीव्हीडी आणणाऱ्यांनी हेही जाणावे की विक्रीच्या डीव्हीडींसाठी जगाचे विभाग पाडलेले असून भारत पाचव्या, ब्रिटन दुसऱ्या आणि अमेरिका पहिल्या विभागात येते, व संगणकातील ड्राइव्हचा विभाग साधारणतः पाचच वेळा बदलता येतो. मराठी उपशीर्षके चौकोनांच्या रूपात दिसू लागली, तर उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ स्वरूपात साठवावी आणि प्लेअरला देवनागरी फॉन्ट नेमून द्यावा. संगणक जुना असल्यास विंडोजवर एमपीसी-एचसी आणि लिनक्सवर एमपीव्ही हे हलके प्लेअर अधिक सुखकर ठरतात.

प्लेअर मर्त्य असतात, हे मात्र विसरू नये. १९९७ साली निघालेला विनॅम्प एका पिढीच्या संगणकांवर राज्य करीत होता. १९९९ मध्ये तो एओएलच्या मालकीचा झाला, २०१३ मध्ये तो बंद करण्याचे जाहीर झाले आणि पुढे तो दुसऱ्या मालकाकडे गेला. एमपीसी-एचसीच्या मूळ चालकांनीही २०१७ साली काम थांबविले; पण त्याची संहिता खुली असल्याने दुसऱ्या हातांनी ते काम उचलले आणि आजही तो प्लेअर अद्ययावत मिळतो. मालकाच्या मर्जीवर जगणारी आज्ञावली आणि सर्वांच्या स्वाधीन असलेली आज्ञावली यांतील भेद या दोन दाखल्यांत स्पष्ट दिसतो. विकत घेतलेल्या गाण्यांवर बसविलेल्या डिजिटल बंधनांची कथा याहून दुःखद आहे. मायक्रोसॉफ्टने २००८ साली, आपल्या एमएसएन म्युझिक या दुकानातून विकलेल्या गाण्यांना नव्या संगणकासाठी परवाने देणे थांबविण्याचे जाहीर केले. ग्राहकांनी विरोध केल्यावर मुदत वाढली, पण पैसे मोजून घेतलेले गाणे विकणाऱ्याच्या कृपेवर वाजते, हे सत्य त्यामुळे बदलले नाही.

म्हणून माझा अभिप्राय असा आहे: व्हिडिओसाठी व्हीएलसी ठेवावा, संगीताचा मोठा संग्रह असेल तर विंडोजवर त्याच्या जोडीला फूबार-२००० घ्यावा, जुन्या यंत्रावर एमपीसी-एचसी किंवा एमपीव्ही वापरावा. गाणी मूळ तबकडीवरून किंवा सीडीवरून उतरविताना फ्लॅकमध्ये उतरवावीत, नोंदी देवनागरीत आणि फाइलींच्या आतच कराव्यात, आणि संपूर्ण संग्रहाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. नवा प्लेअर घेतला की घरातील सर्वांत जुनी व्हीसीडी, एक अखंड ख्याल आणि मराठी उपशीर्षके असलेला एक चित्रपट त्यावर चालवून पाहा, आणि ही परीक्षा इंटरनेट बंद करून घ्या. जो प्लेअर या परीक्षेत उतरेल तो ठेवा, जो उतरणार नाही तो विनासंकोच काढून टाका. प्लेअर पुन्हा मिळतील, संग्रह पुन्हा मिळणार नाही.