आधी उजेड, मग आवाज

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ लावल्याबरोबर बोलत नाही. बटण 'खट्' करून फिरते, तबकडीमागचा पिवळसर दिवा उजळतो आणि मग अर्धा मिनिट काहीच घडत नाही. आतील काचेच्या नळ्यांमधील तंतू तापेपर्यंत घरातील सर्वांनी थांबायचे असते. त्यानंतर दुरून कोणी चालत यावे तसा आवाज जवळ येऊ लागतो. गेली चाळीस वर्षे मी जुने रेडिओ जमवीत आलो, ते बहुधा या अर्ध्या मिनिटासाठीच.

या छंदाची सुरुवात, खरे सांगायचे तर, एका अपराधातून झाली. आमच्या घरी वडिलांनी घेतलेला मर्फीचा लाकडी संच होता. आईने विणलेले आच्छादन, शेजारी ओठांवर बोट ठेवलेल्या बाळाचे चित्र असलेले कॅलेंडर, आणि खणात पोस्टातून आणलेला रेडिओचा परवाना. (हा परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला, तोपर्यंत घरात गाणे ऐकण्यासाठीही सरकारची अनुमती लागे!) आम्हा मुलांना संचास हात लावण्याची मुभा नव्हती. बुधवारी रात्री आठ वाजता मात्र वडील स्वतः सुई रेडिओ सिलोनवर आणीत. आकाशवाणीने चित्रपटसंगीत दूर ठेवले होते, त्या काळात, म्हणजे १९५२ साली, सुरू झालेली बिनाका गीतमाला आणि अमीन सयानी यांचा तो आर्जवी स्वर यांनी कोलंबोला आमच्या शेजारच्या गल्लीत आणून ठेवले होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली, तरी वडिलांचा बुधवार बदलला नाही.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि मर्फी माळ्यावर गेला. वडिलांच्या निधनानंतर मी तो खाली काढला, धूळ पुसली आणि अधीरपणे थेट विजेला जोडला. दिवा लागला, क्षणभर गुरगुर ऐकू आली आणि मग धूर. ट्रान्सफॉर्मर जळाला होता. पंधरा वर्षे जपून ठेवलेली वस्तू मी एका मिनिटात मुकी केली.

माझ्या तत्कालीन बदलीच्या गावी एक वयोवृद्ध रेडिओ दुरुस्त करणारे होते. त्यांनी संच उघडून पाहिला आणि एवढेच विचारले, "बल्ब लावला नव्हता का?" मग त्यांनी समजावून सांगितले. वर्षानुवर्षे बंद असलेल्या संचातील कागदी कंडेन्सर ओल धरून गळू लागतात आणि मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळून निकामी होतात. अशा संचाला एकाएकी पूर्ण दाब दिला की जळणारच. म्हणून विजेच्या वाटेवर साठ किंवा शंभर वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. संचात शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सगळा मार स्वतःवर घेतो. संच ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंदावतो. एवढीशी युक्ती! त्यांनी ट्रान्सफॉर्मरला नवे वेटोळे भरून दिले आणि मला त्यांच्या बाकावर बसण्याची परवानगीही दिली. मी तेथे दोन वर्षे संध्याकाळी जात होतो.

त्यानंतर प्रत्येक बदलीच्या गावी एखादा संच घरी आला. बुश, फिलिप्स, जीईसी, नॅशनल एको. कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातला, कुणी मुंबईच्या चोरबाजारातला, तर कुणी गोठ्यात कोंबड्या बसत त्या फळीवरचा. वाळवीने खाल्लेले लाकूड, उंदरांनी कुरतडलेले स्पीकरचे कापड, तुटलेली तबकडीची दोरी. "अहो, सामानात माणसांनाही जागा ठेवा," असे आमच्या सौभाग्यवती प्रत्येक ट्रक भरताना म्हणत. नवशिक्या संग्राहकांना एक सावधगिरीची सूचना देतो: हल्ली नव्याच पेटीत स्वस्त यंत्र बसवून 'पुरातन' म्हणून विकण्याची चलाखी चालते. मागची फळी काढून आत काचेचे व्हॉल्व्ह पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

माझ्या संग्रहातील सर्वांत जुना संच दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा असून तो मुंबईत मिळाला. त्याच्या लघुलहरींच्या पट्ट्यावर बेचाळीस मीटरच्या आसपास सुई नेली की मला हटकून १९४२ आठवते. त्या वर्षी उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत बदलत ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. नोव्हेंबरात पोलिसांनी तो पकडला. माझा संच तेव्हा कुणाच्या घरी होता आणि दारे लावून कुणी त्याला कान लावला होता का, हे तो सांगत नाही.

जाणकारांत एक जुना वाद आहे: मूळ भाग तसेच ठेवावेत की संच बोलता करावा? मूळ कंडेन्सर काढला तर इतिहास गेला, ठेवला तर आवाज गेला. मी मधला मार्ग पत्करतो. जुन्या कागदी नळीतील गाभा काढून तिच्या आत नवा छोटा कंडेन्सर बसवतो आणि तोंड मेणाने बंद करतो. हे फसवणुकीचे आहे असे काही मित्र म्हणतात. म्हणोत. मुका रेडिओ मला सहन होत नाही.

आता मात्र ऐकायचे काय, हाच प्रश्न आहे. लघुलहरींवरील परिचित आवाज एकेक करून मावळले. बीबीसीची हिंदी प्रसारणेही ३१ जानेवारी २०२० रोजी तेथून थांबली. एफएम या संचांत नाहीच. सुदैवाने अनेक संचांच्या पाठीशी ग्रामोफोनची वायर खुपसण्यासाठी दोन भोके असतात. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या संचांत मी तेथूनच मोबाइलमधील गाणी सोडतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी संचांत हा प्रयोग कोणी करू नये. त्यांच्या सांगाड्यातच वीज खेळत असते.

सत्तरी ओलांडल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. एकेचाळीस संच कोणी सांभाळायचे? उत्तर प्रदेशात गजरौला येथे राम सिंह बौद्ध यांनी हजाराहून अधिक रेडिओ जमवून संग्रहालय उभारले. माझी तेवढी ऐपत नाही. चिरंजीव बंगळुरूत दोन खोल्यांच्या घरात राहतात. गेल्या वर्षी पंचवीस संच एका अभियांत्रिकी महाविद्यालयाला दिले. ते महिन्यातून एकदा लावायचे, एवढी एकच अट घातली. उरलेल्यांपैकी मुलाने एक मागितला. "बाबा, आजोबांचा द्या."

मी मर्फी बांधून पाठवला. सोबत बल्बचा होल्डर आणि हाताने काढलेली आकृती. पोचल्याच्या रात्री त्याचा फोन आला. "बल्ब मंदावला. तबकडीतला दिवा लागलाय, पण आवाज नाही."

"घड्याळ पाहा," मी म्हणालो.

थोड्या वेळाने फोनमधून खरखर ऐकू आली. घरातील चार्जर आणि एलईडी दिवे बंद करायला मी सांगितले. एकेक बटण बंद झाल्याचा आवाज येत गेला आणि खरखरीतून एक कन्नड निवेदक बोलू लागला.

"काय म्हणतोय तो?" मी विचारले.

"उद्याचं हवामान," मुलगा म्हणाला. मग बराच वेळ आम्ही दोघे ते ऐकत राहिलो.