करड्या पोपटाची सोबत

अर्थ न कळता केलेल्या पाठांतरास मराठीत ‘पोपटपंची’ म्हणतात. आफ्रिकेतील करड्या पोपटाच्या बाबतीत तरी हा शब्द अन्यायाचा आहे. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधिकेने १९७७ साली शिकागोच्या एका दुकानातून असा एक पक्षी घेतला आणि त्याचे नाव अ‍ॅलेक्स ठेवले. २००७ साली तो मरण पावला, तोवर सुमारे ५० वस्तू, ७ रंग व ५ आकार यांची नावे तो योग्य जागी वापरीत असे. त्याला शिकविण्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच्यासमोर दोन माणसे बसत. एक जण वस्तू दाखवून प्रश्न विचारी, दुसरा उत्तर देई आणि बक्षीस म्हणून तीच वस्तू त्याला मिळे. हे पाहून पोपटालाही त्या संभाषणात शिरावेसे वाटे. तात्पर्य, शब्द त्याला पढविलेला नव्हता, त्याच्यादेखत वापरलेला होता. पिंजऱ्यापुढे उभे राहून ‘विठू विठू’ घोकणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

हा पक्षी पश्चिम व मध्य आफ्रिकेतील सखल अरण्यांत राहतो. वजन साधारणतः ४०० ते ५०० ग्रॅम, अंग राखी, शेपूट लालभडक. पिलाचे डोळे गडद असतात. वयाबरोबर ते फिकट पिवळे होत जातात. सुमारे १२ आठवड्यांचे झाल्यावर पिलू ढोलीबाहेर पडते, तथापि त्यानंतरही काही काळ आईबाप त्याला भरवितात. रात्री हे पक्षी मोठ्या थव्याने झाडांवर वस्ती करतात. म्हणजे एकटेपणा ही अवस्था त्यांच्या आयुष्यात सहसा येत नाही. बंगळूरच्या एखाद्या सदनिकेत असे पिलू आणले, की त्या घरातील माणसे हाच त्याचा थवा होतो. मग ती माणसे सकाळी ९ वाजता कुलूप लावून बाहेर पडली, तर मागे काय उरते?

या प्रश्नाचे एक उत्तर व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. बुटाची नाडी उसवू नये म्हणून तिच्या टोकांना टोपण बसविलेले असते. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांनाही असेच एक आवरण असते. त्याला टेलोमियर म्हणतात. वय वाढते तसे ते आखूड होत जाते. एकटे ठेवलेल्या करड्या पोपटांचे टेलोमियर जोडीने राहणाऱ्यांपेक्षा आखूड आढळले. इतकेच नव्हे, तर एकट्या तरुण पक्ष्यांचे टेलोमियर त्यांच्याहून सुमारे २३ वर्षांनी मोठ्या, परंतु जोडीने राहणाऱ्या पक्ष्यांइतके होते. सोबत ही दाण्यापाण्याइतकीच गरजेची वस्तू आहे, हे यावरून समजून चालावे.

म्हणून पिंजरा बैठकीच्या खोलीत, एक बाजू भिंतीला लागून असावा; मागून कोणी येणार नाही या खात्रीने पक्षी निर्धास्त राहतो. रोज काही तास त्याला बाहेर काढावे. त्या वेळी छताचा पंखा बंद व खिडक्या लावलेल्या असाव्यात. एकटे राहण्याची सवयही लहानपणापासूनच, प्रथम काही मिनिटे व मग हळूहळू वाढवीत, लावावी लागते. सुटीचे आठ दिवस सतत खांद्यावर बसविलेले पिलू नवव्या दिवशी एकटे सोडले, तर त्याचा आकांत होणारच. घरी कोणी नसताना दाणे कागदाच्या पुडीत बांधून ठेवावे. पुडी फोडण्यात त्याची चोच व बुद्धी दोन्ही गुंततात. हे न केल्यास कित्येक पक्षी स्वतःची पिसे उपटू लागतात, आणि ती खोड एकदा जडली की सुटणे कठीण.

आहारात सर्वांत मोठी चूक सूर्यफुलाच्या बियांची. त्या त्याला फार आवडतात. परंतु त्यांत चरबी पुष्कळ आणि कॅल्शियम व अ जीवनसत्त्व अल्प. या जातीला कॅल्शियमच्या कमतरतेने झटके येतात. पोपटांसाठी तयार मिळणारे गोळीखाद्य, मोड आलेली कडधान्ये, गाजर, भोपळा, पेरू यांवर भर द्यावा. मिरची खुशाल द्यावी, पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. अ‍ॅव्होकॅडो मात्र विषारी ठरते. अंगाला ड जीवनसत्त्व मिळण्यासाठी कोवळे ऊन हवे, आणि तेही काचेआडून नव्हे. कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच बव्हंशी अडवते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हिवाळी रात्री गार असतात. पिंजरा वाऱ्याच्या झोतात नसावा. स्वयंपाकघरात तर तो कधीच ठेवू नये. न चिकटणारा लेप दिलेला तवा अति तापला, की त्यातून निघणारी वाफ माणसाला फारशी जाणवत नाही, पण पक्षी काही मिनिटांत दगावतो.

आजार लपविणे हा पोपटाचा स्वभाव आहे. यास्तव स्वयंपाकाच्या काट्यावर त्याचे रोज सकाळी वजन करावे व वहीत टिपावे. वजन उतरू लागणे हीच बहुधा पहिली खूण असते.

बंगळूरहून सुमारे ७० किलोमीटरवरील तुमकूर येथे २०२२ च्या जुलै महिन्यात एका कुटुंबाचा ‘रुस्तुमा’ नावाचा करडा पोपट उडून गेला. त्यांनी ५०,००० रुपयांचे बक्षीस जाहीर केले आणि तो सापडल्यावर प्रत्यक्षात ८५,००० रुपये दिले. वर्तमानपत्रांना त्या रकमेचे नवल वाटले. असा पक्षी पाळणाऱ्यांना वाटले नसावे.

या लळ्याची दुसरी बाजू आफ्रिकेत दिसते. १९७५ ते २०१३ या काळात १३ लाखांहून अधिक रानटी करडे पोपट तेथून बाहेर पाठविले गेले. पकडताना व वाटेत मेलेले निराळेच. घाना देशातील संख्या १९९२ नंतर ९० ते ९९ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. २०१६ साली जोहान्सबर्ग येथील परिषदेत रानातून धरलेल्या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचे ठरले. भारतात २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी बाळगणाऱ्याने परिवेश या शासकीय संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावयाची असते, आणि तो दुसऱ्याच्या हाती गेला किंवा मेला तरी कळवावयाचे असते. पक्षी बंदिवासात जन्मलेला आहे याचा कागद घेतल्यावाचून तो घरी आणू नये. चांगली निगा राखल्यास तो ४० वर्षांहूनही अधिक जगू शकतो. पन्नाशीच्या गृहस्थाने पिलू आणले, तर त्याच्या मागे ते कोणाकडे जावयाचे, हे घरातील मंडळींनी आधीच ठरवून त्या व्यक्तीची पक्ष्याशी ओळख पहिल्या वर्षापासून करून द्यावी.