जुना लेथ : किंमत यंत्राची आणि विजेची

कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा फिटर हाती आलेल्या रकमेतून घरामागच्या शेडमध्ये लेथ बसवू इच्छितो. राजकोट किंवा बटाला येथे घडलेला जुना लेथ त्यास परवडतोही. परंतु सौदा ठरविताना विजेचा विचार बहुधा मागे राहतो आणि आणलेले यंत्र ताडपत्रीखाली पडून राहते.

यंत्र पाहताना रंगाकडे दुर्लक्ष करावे. जुन्या बाजारात त्याहून स्वस्त काहीच नसते. बेडची झीज चकजवळ अधिक होते, कारण बहुतेक काम तेथेच चालते. कॅरेज टेलस्टॉककडे घट्ट आणि चकजवळ सैल सरकत असेल, तर बेड झिजला आहे असे समजावे. त्याचे ग्राइंडिंग होऊ शकते. मात्र तो खर्च व वाहतूक मिळून सौद्यातील बचत संपू शकते. हेडस्टॉक प्रत्येक वेगावर चालवून गिअरचा आवाज ऐकावा. विक्रेता यंत्र चालवून दाखविण्यास तयार नसेल, तर सौदा तेथेच थांबविणे श्रेयस्कर.

त्यानंतर मोटरवरील पाटी वाचावी. कारखान्यातील मोटर बहुधा ४१५ व्होल्ट, थ्री फेज असते. घरी मिळते ती २३० व्होल्ट, सिंगल फेज वीज. व्हीएफडी हे उपकरण सिंगल फेजवरून थ्री फेज तयार करते, पण सर्वसाधारण व्हीएफडी व्होल्टेज वाढवीत नाही. येथेच अनेकांची फसगत होते. आपल्याकडील २ अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरी सामान्यतः स्टार जोडणीच्या असतात. वायंडिंगची सहाही टोके जोडपेटीत उपलब्ध असल्यास त्या डेल्टा करून २३० व्होल्टवर चालविता येतात. ३ अश्वशक्ती व त्यावरील मोटरी बहुधा ४१५ व्होल्टवरच डेल्टा असतात. त्यांच्यासाठी रिवायंडिंग, दुसरी मोटर किंवा थ्री फेज जोडणी हेच पर्याय उरतात. व्हीएफडीवर वेग फार कमी ठेवून जड काप घेतल्यास पंख्याचा वारा अपुरा पडून मोटर तापते. अशा वेळी वेग गिअरनेच कमी करावा.

मंजूर वीजभार, स्वतंत्र वायरिंग आणि अर्थिंग यांची तपासणी परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावी. छंदापुरते काम निराळे. घरगुती मीटरवर व्यवसाय चालविल्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

कर्ज घ्यावयाचे असल्यास मूल्यांकन अहवालासह वीजजोडणीचे अंदाजपत्रकही प्रस्तावास जोडावे. विक्रेत्याने तेच यंत्र अन्य बँकेकडे तारण ठेवलेले नाही, याची खात्री इसारा देण्यापूर्वी करून घ्यावी.