चान्या, येसूर आणि छापील पाककृती

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांना तोटा नाही. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी सुना-लेकी स्वयंपाक शिकल्या. पण या पुस्तकांच्या पंगतीत गावकुसाबाहेरच्या चुलीला पान मांडलेले नव्हते. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले आणि मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचे खाणे पुस्तकात उतरले.

पाटोळे मूळचे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले. घरात, वस्तीत जे शिजले, तेच त्यांनी आठवणींसकट लिहिले. सात्त्विक, राजस, तामस अशी अन्नाची उतरंड कुणी लावली आणि ती माणसांवर कशी लादली, याची झाडाझडतीही ते घेतात. कृतींमध्ये तेल, तूप, दूध फारसे सापडत नाही. जे घरात नव्हतेच, ते कृतीत कुठून येणार?

चान्यांचेच पाहा. गावात जनावर मेले की ते ओढून नेणे हे महारांचे काम आणि मांस हा त्याचा मोबदला. एवढे मांस एका दिवसात संपत नसे. मग त्याच्या लांब, पातळ पट्ट्या कापून त्या दोरीवर टाकायच्या आणि कडक उन्हात खडखडीत वाळवायच्या. हाताला काम नसलेल्या दिवसांत या चान्या निखाऱ्यावर भाजून भाकरीशी खायच्या, नाहीतर शिजवून कालवण करायचे. चरबी कढवून ठेवली की तेलाची गरज भागे. जनावराचे रक्तही वाया जात नसे; ते गोठवून, कांदा-मिरची घालून शिजवत.

येसूर मात्र मराठवाड्यात सगळ्यांच्या ओळखीचा. धान्य आणि हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, मसाल्यांसोबत दळायची आणि डब्यात भरून ठेवायची. कालवणात चमचाभर येसूर पडला की रस्सा दाट होतो. मटण थोडे आणि खाणारी तोंडे जास्त असली तरी रस्सा सगळ्यांना पुरतो.

या अन्नाकडे पाहताना लेखकाला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. मार्च १९२७च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. स्वाभिमानापायी अनेकांनी ते खाणे सोडले, आणि ते योग्यच होते. पण सोडलेल्या पदार्थांबरोबर ते रांधणाऱ्या बायकांचे कसबही विस्मरणात जाऊ लागले. त्यात २०१५ मध्येच राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. यातल्या काही कृती आता इथे फक्त वाचायच्याच उरल्या आहेत.

पाटोळे यांच्याआधी पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले होते. पाटोळे यांचे पुस्तक भूषण कोरगावकर यांच्या अनुवादामुळे २०२४ मध्ये इंग्रजीतही पोहोचले.

फराळाच्या कृती प्रत्येक दिवाळीत नव्याने छापल्या जातात. त्या हरवणार नाहीत. हरवतात ते टंचाईतले, पाहुण्यांपासून लपवलेले पदार्थ. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना यंदा तेवढे विचारा, आणि सांगतील ते काही न वगळता वहीत उतरवून ठेवा.