टायमिंग चेनचा बिघाड आणि दुरुस्ती-खर्चाचे दायित्व

मोटार बाळगणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी आपल्या इंजिनातील टायमिंग चेन डोळ्यांनी पाहिलेली असते. इंजिनाच्या आवरणाआड वंगणात न्हालेली ही पोलादी साखळी गाडीच्या आयुष्यभर टिकावी, अशा अपेक्षेनेच बसवलेली असते. रबरी टायमिंग बेल्ट ठराविक अंतरानंतर बदलावा असे सेवापुस्तिका सांगते. साखळीविषयी मात्र ती बहुधा मौन पाळते. अशी ही साखळी निकामी झाली म्हणजे मालकाच्या हाती जे अंदाजपत्रक पडते, त्याचा साखळीच्या किमतीशी काहीच मेळ नसतो. हा खर्च कोणी सोसावा, असा प्रश्न मग उभा राहतो.

हा प्रश्न यंत्रशास्त्र आणि विधिशास्त्र यांच्या सीमेवरचा आहे. त्याचे उत्तर अधिनियमाच्या कलमांत शोधण्यापूर्वी साखळीच्या झिजेच्या कारणात शोधावे लागते, आणि ते कारण दाखवणारा पुरावा दुरुस्तीच्या पहिल्याच दिवशी नष्ट होण्याचा संभव असतो, एवढे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. साखळीचे कार्य व तिचा बिघाड

चार-टप्प्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे पूर्ण होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. पिस्टनची वरखाली हालचाल आणि व्हॉल्व्हांची उघडझाप यांचा हा मेळ टायमिंग चेन राखते. साखळी नेहमी ताणलेली राहावी म्हणून तिला टेन्शनर लावलेला असतो. बहुतेक इंजिनांत तो वंगणाच्या दाबावर चालतो. साखळी ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या, म्हणजे गाइड, बहुधा प्लास्टिकच्या पृष्ठाच्या असतात.

‘साखळी ताणली’ असे कारागीर म्हणतात. वस्तुतः पोलाद ताणले जात नाही; प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीचा बुश हे झिजतात, आणि ही सूक्ष्म झीज एकत्र होऊन साखळीची लांबी वाढते. समजा, एका साखळीत १५० सांधे आहेत व प्रत्येक सांधा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका झिजला, तर एकूण वाढ ३ मिलिमीटर होते. ही वाढ टेन्शनर काही काळ झाकून ठेवतो. त्याची मर्यादा संपली की साखळी सैल पडते, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना, वंगणाचा दाब निर्माण होण्यापूर्वी, काही क्षण खडखडाट ऐकू येतो. क्रँक व कॅम यांच्या स्थितींत पडलेला फरक गाडीतील नियंत्रक संगणकही टिपतो. पी ००१६ हा दोषसंकेत त्याच प्रकारचा होय.

या सूचनांकडे दुर्लक्ष झाले तर साखळी एखादा दाता ओलांडते. क्रँकवरील चक्राला २० दाते असतील, तर एक दाता चुकणे म्हणजे क्रँकच्या फेऱ्यात १८ अंशांची चूक होय. ज्या इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांच्या मार्गक्रमणाची जागा एकच असते, त्यांत चूक पुरेशी मोठी झाली किंवा साखळी तुटली, की पिस्टन व्हॉल्व्हांवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, क्वचित पिस्टनही फुटतो, आणि साखळीच्या बिघाडाचे रूपांतर संपूर्ण इंजिनाच्या नाशात होते. काही रचनांत मजुरीचा बोजा आणखी वाढतो. बी. एम. डब्ल्यू.च्या एन ४७ या डिझेल इंजिनात साखळी गिअरबॉक्सच्या बाजूस असल्यामुळे तिच्यापर्यंत पोहोचणे हेच मोठे काम होऊन बसते.

२. तीन कारणे, तीन उत्तरदायी

साखळीच्या अकाली बिघाडाची कारणे स्थूलमानाने तीन वर्गांत मांडता येतात. पहिला वर्ग घडणीच्या किंवा रचनेच्या दोषाचा: टेन्शनरची अडकण काम न करणे, गाइड ठिसूळ असणे, पिनांचे पृष्ठ पुरेसे कठीण नसणे. दुसरा वर्ग निगेच्या अभावाचा: वंगण वेळेवर न बदलणे, त्याची पातळी खाली जाऊ देणे, चुकीच्या प्रतीचे वंगण वापरणे. काजळी मिसळलेले जुने वंगण सांध्यांत शिरले की ते घर्षकासारखे काम करते. तिसरा वर्ग कार्यशाळेच्या चुकीचा: साखळीची जुळणी करताना खुणा चुकणे, किंवा नव्या साखळीबरोबर झिजलेला टेन्शनर तसाच ठेवणे.

पहिल्या वर्गात दायित्व उत्पादकाकडे, दुसऱ्यात मालकाकडे व तिसऱ्यात कार्यशाळेकडे जाते. परंतु तिन्ही वर्गांत मालकाला दिसणारे दृश्य एकच असते: बंद पडलेली गाडी आणि वाकलेले व्हॉल्व्ह. परिणाम सारखा व कारणे भिन्न असल्यामुळेच हा वाद अवघड होतो. शिवाय रचनेचा दोष झिजेच्या मार्गानेच प्रकट होतो. ‘ही नैसर्गिक झीज आहे’ असे उत्पादक म्हणतो तेव्हा तो खोटे बोलतो असे नव्हे. झीज झालेलीच असते. ती अपेक्षित काळाआधी का झाली, हा खरा प्रश्न होय.

३. हमी आणि विमा

हमीची मुदत चालू असेल तर मार्ग सरळ आहे. मात्र बहुतेक हमीपत्रे झीज आणि निष्काळजीपणा यांना वगळतात, म्हणून सेवेच्या नोंदी तेथेही लागतात. विस्तारित हमी घेतलेली असल्यास टायमिंग चेन, टेन्शनर व गाइड यांचा तिच्या यादीत समावेश आहे काय, हे तिची संहिता वाचूनच ठरवावे. मुदत नुकतीच संपली असेल व गाडीची निगा अधिकृत केंद्रात झाली असेल, तर सौजन्य म्हणून खर्चाचा काही अंश देण्याची विनंती उत्पादकाला करता येते. हा हक्क नव्हे. तथापि ही विनंती लेखी असावी, कारण पुढील वादात तीच पहिली सूचना ठरते.

मोटार विम्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. खासगी मोटारींच्या प्रचलित सर्वंकष विमापत्रात झीज आणि यांत्रिक बिघाड स्पष्टपणे वगळलेले असतात. इंजिन-संरक्षणाची जोड घेतली असली तरी ती प्रायः पाणी शिरणे किंवा वंगण गळणे यांतून होणाऱ्या हानीपुरती असते.

४. कायद्याची चौकट

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यात ‘उत्पादन दायित्व’ हे नवे प्रकरण आले, तेव्हा सदोष इंजिनाचा खर्च आता त्याखाली मिळेल असे अनेकांना वाटणे स्वाभाविक होते. हा समज बरोबर नाही. कलम २(२२) मधील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या उत्पादनाला पोहोचलेली हानी वगळलेली आहे. साखळी तुटून गाडी रस्त्यात बंद पडली व त्यामुळे कोणास इजा झाली, तर ते प्रकरण लागू होऊ शकेल. इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च मात्र त्यात बसत नाही.

म्हणून तक्रारदाराने जुन्याच वाटेने जावे. कलम २(१०) प्रमाणे, कायद्याने अथवा व्यक्त वा गर्भित कराराने जो दर्जा राखणे आवश्यक आहे त्यातील कोणतीही उणीव म्हणजे ‘दोष’. याला मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ चा आधार मिळतो. त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही गर्भित शर्त होय. खरेदीच्या वेळी तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांनाच ती लागू नसते. इंजिनाच्या पोटातील टेन्शनर खरेदीदाराला दिसणे शक्यच नसते, हे येथे महत्त्वाचे आहे.

न्यायनिर्णयांनी या वाटेवर काही सीमा आखल्या आहेत. मारुती उद्योग कंपनीच्या २००६ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हमीच्या शर्तींवर भर दिला: उत्पादकाचे बंधन सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे असेल, तर त्यापलीकडे संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश योग्य नव्हे. तेव्हा मागणी नव्या गाडीची न करता साखळी व तिच्यामुळे बिघडलेल्या भागांच्या खर्चाची करणे अधिक सुरक्षित. दुसरा निर्णय २०२१ चा, गोव्यातील एका खरेदीदाराच्या टाटा मोटर्सविरुद्धच्या तक्रारीतला. २००९ साली बनलेली व आधीच चाललेली गाडी विक्रेत्याने २०११ मध्ये नवी म्हणून विकली होती. उत्पादक व विक्रेता यांचे संबंध दोन स्वतंत्र व्यावसायिकांचे असून उत्पादकाला विक्रेत्याच्या कृत्याची माहिती होती असे दिसत नाही, म्हणून न्यायालयाने उत्पादकास मुक्त केले. यावरून असा बोध मिळतो की, घडणीचा दोष असेल तर उत्पादकाला आणि सेवेतील त्रुटी असेल तर कार्यशाळेला, असे स्वतंत्रपणे व स्वतंत्र कारणांनी पक्षकार करावे लागते.

मुदतीविषयीही दक्षता हवी. कलम ६९ प्रमाणे तक्रार वादकारणापासून २ वर्षांत करावयाची असते. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या गाडीचा मालक ‘ग्राहक’ ठरत नाही. परंतु स्वयंरोजगाराने केवळ उपजीविकेसाठी टॅक्सी घेणारा ग्राहकच मानला जातो, आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या टॅक्सीमागे एक कुटुंब असते, हे ध्यानात घेता या अपवादाचे मोल कळून येते.

५. अमेरिकेतील एक उदाहरण

अनेक गाड्यांत एकच दोष असेल तर काय घडू शकते, याचे उदाहरण फोक्सवॅगन व आउडी मोटारींच्या टायमिंग चेन प्रकरणात सापडते. टेन्शनर सदोष असल्याचा आरोप करणारे सामूहिक दावे न्यू जर्सीतील संघीय न्यायालयापुढे चालले. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत. तथापि २०१८ साली तडजोड होऊन संबंधित गाड्यांच्या साखळी व टेन्शनरची हमी मूळ तारखेपासून १० वर्षे किंवा १ लाख मैल, यांपैकी जे आधी होईल तेथवर वाढवण्यात आली. ज्यांनी पूर्वीच पदरमोड करून दुरुस्ती केली होती, त्यांना कागदपत्रे दाखवून भरपाई मागता आली; इंजिनाच्या नुकसानीसाठी वंगण वेळोवेळी बदलल्याचा पुरावाही अपेक्षित होता. तडजोडीचा लाभ शेवटी ज्याने पावत्या जपल्या होत्या त्यालाच मिळाला.

आपल्याकडेही २०१९ च्या अधिनियमाच्या कलम ३५(१)(ग) प्रमाणे समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या अनुमतीने, एका वा अधिक ग्राहकांना तक्रार करता येते. एकट्या मालकाला ‘तुमचीच निगा कमी पडली’ असे उत्तर देता येते. तसाच टेन्शनर शंभर जणांच्या गाड्यांत बिघडल्याचे दाखवता आले तर ते उत्तर दुबळे पडते.

६. पुराव्याचे जतन

घडणीचा दोष सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. केवळ वारंवार दुरुस्ती झाली एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. तज्ज्ञाचे मत लागते. तपासणीवाचून दोष ठरवणे शक्य नसेल तेथे कलम ३८(२)(ग) आयोगाला नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार देते. परंतु पाठवावयास नमुना उरला पाहिजे. प्रत्यक्षात घडते ते असे की गाडी कार्यशाळेत जाते, इंजिन खोलले जाते, जुनी साखळी भंगारात पडते, नवी बसते, आणि मालक देयक चुकते करून मगच दाद मागण्याचा विचार करू लागतो. तोवर कारणांच्या तिन्ही वर्गांतील भेद दाखवणारी एकमेव वस्तू नाहीशी झालेली असते.

यास्तव क्रम उलट असावा. खडखडाट ऐकू येताच गाडी चालवणे थांबवावे, कारण इशारा मिळूनही चालवलेल्या गाडीच्या नुकसानीचा दोष मालकाकडे येतो. इंजिन खोलण्यापूर्वी दोषसंकेतांची नोंद छापून घ्यावी आणि उत्पादकास लेखी सूचना देऊन पाहणीची संधी द्यावी. खोलताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घ्यावीत. टेन्शनर किती बाहेर आला होता आणि गाइडचा कोणता भाग तुटला होता हे त्यांत दिसावे. काढलेली साखळी, टेन्शनर, गाइड व वंगणाचा थोडा नमुना आपल्या ताब्यात ठेवावा. स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल दुरुस्तीपूर्वी घ्यावा आणि वंगणाच्या प्रत्येक बदलाची पावती त्यास जोडावी.

कायदा येथे ग्राहकाच्या विरोधात नाही. तो कारणाचा पुरावा मागतो, आणि ही मागणी न्याय्यच आहे. उणीव आहे ती पुरावा जपण्याच्या व्यवस्थेची. इंजिनाची मोठी दुरुस्ती करणाऱ्या कार्यशाळेने काढलेले भाग मालकाच्या लेखी संमतीवाचून टाकून देऊ नयेत, एवढा साधा नियम झाला, तरी असे अनेक वाद उभे राहण्यापूर्वीच मिटतील. यंत्रशास्त्र व विधी या दोन्ही विभागांतील अभ्यासकांनी एकत्र बसून विचार करावा असा हा विषय आहे.