चोळलेल्या मांडीत काय घडतं?

कोल्हापूरच्या तालमीत जोर-बैठका आणि लढती आटोपल्या की पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. एकजण पालथा पडतो, दुसरा त्याच्या मांड्या-पोटऱ्या तळव्यांनी दाबत, मळत जातो. ‘अंग मोकळं झालं’ असं म्हणतात, तेव्हा आत नेमकं काय घडलेलं असतं?

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ते थेट स्नायूत डोकावून पाहिलं. 11 तरुणांना त्यांनी पार दमेपर्यंत सायकल मारायला लावली. मग प्रत्येकाच्या एकाच मांडीला 10 मिनिटं मसाज केला. दुसरी तशीच ठेवली. मसाजनंतर लगेच आणि अडीच तासांनी दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. निष्कर्ष 2012मध्ये प्रसिद्ध झाले.

चोळलेल्या मांडीत दाह वाढवणारे रासायनिक संकेत मंदावले होते. पेशींची ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, नव्याने घडवण्याशी संबंधित संकेत मात्र वाढले होते.

आणि लॅक्टिक आम्ल? मसाजने ते ‘निघून जातं’, असं जिममध्ये सर्रास सांगतात. पण या प्रयोगात दोन्ही मांड्यांतल्या लॅक्टेटमध्ये, म्हणजे याच आम्लाच्या शरीरातल्या रूपात, मसाजमुळे काहीच फरक पडला नव्हता. तसंही व्यायाम थांबला की ते तासाभरात आपोआप ओसरतं.

अर्थात, 11 जणांचा प्रयोग छोटाच. शिवाय प्रत्येक दुखण्यावर रगडणं हा उपाय नव्हे. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात अडकण्याचा धोका असतो. तेव्हा तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.