घराचा विमा : काय मिळते, काय मिळत नाही

लसीकरणाचे वेळापत्रक समजावून सांगताना मी पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो : लस ज्या रोगाची, संरक्षण त्याच रोगापासून. पेंटाव्हॅलंट लस पाच रोगांपासून वाचवते. गोवर त्या पाचांत नाही. घराच्या विम्याचेही असेच आहे. ‘आमच्या घराचा विमा आहे’ एवढ्यावर समाधान मानून आपण पॉलिसी कपाटात ठेवून देतो. प्रत्यक्षात ती घराला काहीही झाले तरी पैसे देण्याचे वचन नसून, नावानिशी सांगितलेल्या घटनांपुरतेच वचन असते.

आपणा बडोदेकरांना हा विषय परका वाटू नये. २६ जानेवारी २००१चा भूकंप आपल्याला आठवतो. ३१ जुलै २०१९ रोजी अवघ्या २४ तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीने पात्र सोडले तेव्हा कित्येक वसाहतींचे तळमजले पाण्याखाली गेले आणि रस्त्यांवर मगरी दिसल्या. त्या पुरानंतर एका व्यवसायबंधूंनी गृहकर्जाबरोबर घेतलेली पॉलिसी मला दाखवली. तिचा हप्ता त्यांनी अनेक वर्षे विनातक्रार भरला होता. ती निघाली कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारी जीवनविम्याची पॉलिसी! भिंती, फर्निचर, पुस्तके यांच्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. कर्जाबरोबर मिळालेला विम्याचा कागद नेमका कशाचा आहे, हे वाचकांनी आजच काढून पाहावे.

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. त्यामुळे या नावाच्या पॉलिसीतील मूळ अटी सर्व कंपन्यांकडे सारख्याच असतात. आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, दहशतवादी कृत्य, वाहन किंवा झाड आदळून होणारे नुकसान, पाण्याची टाकी अथवा नळ फुटणे, या घटना तिच्यात येतात. चोरीची मात्र गंमत आहे. पूर वा आग यांसारखी घटना घडल्यापासून सात दिवसांच्या आत, तिच्यामुळे झालेली चोरीच ग्राह्य धरतात. आपण गावाला गेलो असता कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

नळ फुटून छत कोसळले तर भरपाई मिळेल. पण वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या पाण्याने भिंतीला ओल आली, तर तो देखभालीचा प्रश्न ठरतो. फ्रीजमध्ये शॉर्टसर्किट झाले तर त्या फ्रीजचे पैसे मिळत नाहीत. त्यातून आग पसरून स्वयंपाकघर जळाले, तर त्याचे मिळतात. रोख रक्कम यात येत नाही. पॉलिसीत स्पष्ट उल्लेख नसेल तर हस्तलिखितेही येत नाहीत. आपल्यापैकी काहींच्या घरी पणजोबांची मोडी कागदपत्रे आहेत, त्यांनी याची नोंद घ्यावी. अर्थात त्या कागदांची किंमत कोणता सर्व्हेअर ठरवणार! ते माळ्यावर, कोरड्या जागी ठेवणे हाच त्यांचा खरा विमा. दागिने व मौल्यवान वस्तू यांसाठी ऐच्छिक संरक्षण आहे, ते मागून घ्यावे लागते. दारातील मोटारीचे नुकसान मोटारीच्याच पॉलिसीतून मिळते.

सर्वांत मोठा गैरसमज विम्याच्या रकमेविषयी आहे. बाजारात घराची किंमत २ कोटी असेल, तर विमाही २ कोटींचा असावा असे वाटते. परंतु त्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो, आणि जमीन जळत नाही की वाहून जात नाही. विमा बांधकामाचा असतो. समजा, घराचे चटईक्षेत्र १५० चौरस मीटर आहे आणि आजचा बांधकामखर्च प्रति चौरस मीटर २५,००० रुपये आहे. तर इमारतीची विमा रक्कम ३७.५ लाख रुपये होईल. इमारतीचा विमा घेतला की तिच्या २० टक्के, म्हणजे येथे ७.५ लाख रुपयांपर्यंत, घरातील सर्वसाधारण सामानाला आपोआप संरक्षण मिळते. यादी द्यावी लागत नाही. कमाल मर्यादा १० लाखांची. सामान त्याहून अधिक असेल तर तपशील देऊन रक्कम वाढवता येते.

पूर्वी कमी रकमेचा विमा काढणाऱ्यास आणखी एक फटका बसे. ४० लाखांच्या घराचा २० लाखांचाच विमा असेल, तर १० लाखांच्या नुकसानीपैकी ५ लाखच मिळत. या पॉलिसीत अशी प्रमाणशीर कपात नाही. तरीही संपूर्ण घर पडले तर विमा रकमेहून अधिक काही मिळणार नाही. हप्ता वाचवण्यासाठी रक्कम कमी लिहिण्यात शहाणपण नाही.

आपणा डॉक्टरांपैकी अनेकांचे खाली क्लिनिक आणि वर राहते घर असते. ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. प्रस्तावपत्रात क्लिनिकचा उल्लेख जरूर करावा आणि त्या भागाला संरक्षण आहे किंवा नाही, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. तपासणीची यंत्रे, लसींचा फ्रीज व त्यातील लसी या गृहोपयोगी वस्तू नव्हेत. ५ कोटींपर्यंतच्या व्यावसायिक मालमत्तेसाठी त्याच दिवशी लागू झालेली ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. तेथेही यंत्रांतील अंतर्गत बिघाड येत नाही.

नुकसान झालेच तर कंपनीला तत्काळ कळवावे. चिखल उपसण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याच्या खुणेसह छायाचित्रे काढावीत, आणि भिजलेले सामान सर्व्हेअरने पाहेपर्यंत टाकून देऊ नये. पूर ओसरल्यावर गृहिणींना घर लखलखीत करण्याची घाई असते, ती येथे थोडी आवरावी लागते. दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास, विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. गुजरातसाठी त्यांचे कार्यालय अहमदाबादेत आहे.